सुकाणू धरणारा तस्कर नव्हे



'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात एक लहानसा प्रसंग आहे. आपण तो सापाची गोष्ट म्हणून मुलांना सांगतो आणि पुढे जातो. संत पौलाला कैदी म्हणून रोमला नेत असताना जहाज वादळात सापडते. चौदा दिवस समुद्र त्यांना फेकत राहतो. शेवटी जहाज फुटते आणि दोनशे शहात्तर माणसे, कोणी पोहत, कोणी फळीला धरून, माल्टा बेटाच्या किनाऱ्याला लागतात. पाऊस आणि थंडी असते. बेटावरचे लोक भले असतात, ते शेकोटी पेटवतात. पौल काटक्या गोळा करून शेकोटीत टाकतो, तोच त्यातून एक साप निघून त्याच्या हाताला विळखा घालतो. बेटकरी एकमेकांकडे बघतात आणि तिथल्या तिथे निकाल देतात की हा नक्की खुनी असणार, समुद्रातून वाचला तरी न्याय त्याला सोडत नाही.

या निकालासाठी त्यांच्याजवळ काय पुरावा होता? माणूस अनोळखी होता, कैदी होता आणि साप त्याच्या हाताला लटकत होता, एवढाच. थोड्या वेळाने तो मरत नाही असे दिसल्यावर त्याच लोकांनी त्याला देव ठरवले. दोन्ही निकाल चुकीचेच. तो फक्त समुद्रातून वाचलेला एक माणूस होता आणि इतरांसाठी काटक्या वेचत होता.

आज त्याच भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर हाच निकाल पुन्हा पुन्हा दिला जात आहे. फरक इतकाच की आता तो शेकोटीभोवती नाही, न्यायालयात दिला जातो. हाताला लटकणाऱ्या सापाच्या जागी आता हातात होडीचे सुकाणू असते.

होडीत तस्कर बसत नाही

हा धंदा कसा चालतो ते आधी समजून घेऊ. युद्ध, उपासमार, छळ यांपासून पळणाऱ्या माणसाला युरोपात शिरायचा कायदेशीर रस्ता जवळजवळ नसतो. आश्रय मागायचा तर त्या भूमीवर पाय ठेवावा लागतो, आणि पाय ठेवायला लागणारा व्हिसा त्याला कोणी देत नाही. म्हणून तो लिबियाच्या किंवा तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर तस्कराला पैसे देतो. तस्कर रबरी होडी किंवा जुनाट मासेमारी नौका आणतो, तीत माणसे कोंबतो आणि स्वतः किनाऱ्यावरच थांबतो. त्याला धंदा उद्याही करायचा असतो, तो पकडला जायला कशाला बसेल? मग सुकाणू कोणाच्या हाती? ज्याच्याजवळ पुरते पैसे नाहीत त्याला सांगतात, "तू चालव, तुझे पैसे कमी." कोणाला थोडी समुद्राची माहिती असते. कोणाला धाक दाखवून बसवतात. कधी तस्कर थोडे अंतर होडी चालवतो आणि दुसऱ्या बोटीत उडी मारून पसार होतो. मग बुडण्याऐवजी कोणीतरी पुढे होऊन सुकाणू धरतो.

किनाऱ्याला लागल्यावर किंवा सुटका झाल्यावर पहिला प्रश्न विचारला जातो तो, "चालवत कोण होतं?" विमानातून किंवा गस्ती नौकेतून काढलेला एखादा फोटो, थकलेल्या प्रवाशाची घाईत घेतलेली जबानी, एवढ्यावर एक माणूस बाजूला काढला जातो. दुसऱ्या दिवशी बातमी येते की तस्कर पकडला.

एकशे चाळीस वर्षांहून जास्त शिक्षा

ग्रीसमधला एक खटला घ्या. डिसेंबर २०२० मध्ये तुर्कस्तानहून निघालेल्या एका होडीत तीसहून अधिक माणसे होती. तस्कर मध्येच होडी सोडून गेला. होडी वादळात सापडली. सोमालियाच्या एका तरुणाने सुकाणू हाती घेतले आणि लेस्बॉस बेटाकडे होडी नेण्याचा प्रयत्न केला. दोन स्त्रिया बुडून मेल्या, बाकीचे वाचले. मे २०२१ मध्ये ग्रीक न्यायालयाने या तरुणाला १४० वर्षांहून जास्त शिक्षा ठोठावली. ग्रीक कायद्यात प्रत्येक प्रवाशामागे किमान दहा वर्षे असा हिशेब आहे, जीव धोक्यात आला असेल तर जास्त. म्हणजे जितकी माणसे त्याच्याबरोबर होडीत होती, तितक्या पटींनी त्याचा गुन्हा वाढला. प्रत्यक्षात तुरुंगात काढायच्या वर्षांना तिथे कमाल मर्यादा आहे हे खरे, पण निकालपत्रावर आकडा तोच राहतो. जानेवारी २०२३ मध्ये अपिलात ही शिक्षा ८ वर्षांवर आली. दीडशेच्या घरातून आठ! दोन न्यायालयांच्या निकालांत एवढी दरी असेल तर पहिल्या न्यायालयाने नक्की काय तोलले होते?

हा अपवाद आहे असे वाटत असेल तर पुढचे वाचा. बॉर्डरलाइन युरोप या जर्मन संस्थेने २०२३ मध्ये ग्रीसमधल्या अशा ८१ खटल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका खटल्याला सरासरी ३७ मिनिटे लागली होती आणि सरासरी शिक्षा ४६ वर्षांची होती. ज्या पोलिसाच्या किंवा तटरक्षक जवानाच्या जबानीवर आरोप उभा, तो बहुतेक खटल्यांत न्यायालयात हजरच नव्हता. त्याचा कागद वाचला गेला आणि निकाल लागला. त्या सुमाराला ग्रीसच्या तुरुंगांत तस्करीच्या आरोपाखाली दोन हजारांहून अधिक माणसे होती. सदतीस मिनिटे! आपल्याकडे रविवारची मिस्सा याहून जास्त वेळ चालते.

आता पायलॉसची दुर्घटना. १४ जून २०२३ रोजी 'अॅड्रियाना' ही मासेमारी नौका ग्रीसजवळच्या आंतरराष्ट्रीय समुद्रात उलटली. ती लिबियाच्या तोब्रुकहून इटलीकडे निघाली होती. तिच्यात सुमारे ७५० माणसे असावीत असा अंदाज आहे. १०४ वाचली, ८२ मृतदेह मिळाले, बाकीच्यांना समुद्राने ठेवून घेतले. ग्रीक तटरक्षक दलाला कित्येक तास आधीपासून ही नौका ठाऊक होती. तरीही किनाऱ्यावर आणलेल्या त्या १०४ जणांतूनच नऊ इजिप्शियन माणसे बाजूला काढून तस्कर म्हणून अटक केली. जवळजवळ अकरा महिने ती तुरुंगात होती. २१ मे २०२४ रोजी कालामाताच्या न्यायालयाने सांगितले की घटना आंतरराष्ट्रीय समुद्रातली, आमचा इथे अधिकारच नाही, आणि खटला संपला. समुद्र आंतरराष्ट्रीय होता हे पहिल्या दिवशीही ठाऊक होते. पुढे मे २०२५ मध्ये सागरी न्यायालयाच्या सरकारी वकिलाने तटरक्षक दलाच्याच १७ जणांवर आरोप ठेवले. म्हणजे बोट दाखवायची दिशा बदलायला दोन वर्षे लागली. साप कोणाच्या हाताला लटकतो आहे एवढेच बघून घाईने निकाल दिला की असे होते.

माल्टाचा किनारा, पुन्हा एकदा

आणि ज्या माल्टाच्या किनाऱ्यावर पौल लागला, तिथे काय घडले? मार्च २०१९ मध्ये 'एल हिब्लू १' या मालवाहू जहाजाने लिबियाजवळ बुडत्या रबरी होडीतून शंभराहून अधिक माणसांना वाचवले आणि त्यांना परत लिबियाकडे न्यायला सुरुवात केली. लिबियाच्या छावण्यांत मारहाण, खंडणी, बलात्कार, विक्री काय काय चालते हे संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत आले आहे, पोप फ्रान्सिस यांनीही वारंवार त्याचा निषेध केला होता. त्यामुळे किनारा दिसताच लोकांत आक्रोश उठला. जहाज अखेर माल्टाकडे वळले. बंदरात पोहोचल्यावर तीन मुलांना अटक झाली. त्यांची वये होती १५, १६ आणि १९. त्यांना इंग्रजी येत होते म्हणून ते कप्तान आणि प्रवासी यांच्यात दुभाष्याचे काम करत होते, असे त्यांचे म्हणणे. सरकारी पक्षाचे म्हणणे असे की त्यांनी जहाज ताब्यात घेतले. कलमे लावली ती दहशतवादाची, ज्यांत जन्मठेप होऊ शकते. नोव्हेंबर २०२३ मध्ये, म्हणजे साडेचार वर्षांनी, त्यांच्यावर रीतसर आरोपपत्र ठेवले गेले.

इथे आरोप तस्करीचा नव्हे, जहाज पळवल्याचा आहे. पण पद्धत तीच आहे. गर्दीतून पुढे झालेला, बोलणारा, हात पुढे करणारा माणूस उचलायचा आणि सगळ्यांच्या पळण्याचा गुन्हा त्याच्या डोक्यावर ठेवायचा. दरवर्षी १० फेब्रुवारीला माल्टा देश संत पौलाचे जहाज फुटल्याचा सण साजरा करतो, राष्ट्रीय सुट्टी असते. जगात जहाज फुटल्याचा सण करणारे देश किती असतील? त्या देशाला या तीन मुलांबद्दल प्रश्न विचारण्याचा आपल्याला विश्वासबंधू म्हणून हक्क आहे.

आपली भाषाही चुकते

मराठी वर्तमानपत्रांत या सगळ्यासाठी एकच शब्द येतो, 'मानवी तस्करी'. पण त्या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, माणसाला फसवून किंवा जबरदस्तीने नेऊन त्याची वेठबिगारी, देहविक्री करवून घेणे. दुसरी, माणूस स्वतःच्या इच्छेने जात असताना पैसे घेऊन त्याला चोरून सीमा ओलांडून देणे. २००० साली संयुक्त राष्ट्रांनी या दोन गोष्टींसाठी दोन स्वतंत्र करार केले. दुसऱ्या करारात तस्करीची व्याख्या करताना पैशाचा किंवा इतर भौतिक लाभाचा हेतू ही अट स्पष्ट घातली आहे. शिवाय ज्याला असे नेले जाते, त्या स्थलांतरितावर केवळ त्या कारणासाठी फौजदारी खटला भरू नये असेही त्यात म्हटले आहे. १९५१ चा निर्वासितांचा करारही सांगतो की जीव वाचवायला पळून आलेल्याने लगेच अधिकाऱ्यांपुढे हजर होऊन कारण सांगितले, तर बेकायदा प्रवेशासाठी त्याला शिक्षा करू नये.

युरोपीय संघाने मात्र २००२ मध्ये जो नियम केला, त्यात बेकायदा प्रवेशाला मदत करणाऱ्याला शिक्षा करताना पैशाची अटच ठेवली नाही. माणुसकीने मदत करणाऱ्याला सूट द्यायची की नाही, हे प्रत्येक देशाच्या मर्जीवर सोडले. या एका पळवाटेतून सगळे शिरले आहे. पैसे घेणारा आणि न घेणारा, किनाऱ्यावर थांबलेला आणि होडीत भिजणारा, दोघे एकाच पारड्यात.

हे किती टोकाला जाते पाहा. ऑगस्ट २०१९ मध्ये काँगोची एक स्त्री आपली मुलगी आणि भाची यांना घेऊन खोट्या पासपोर्टवर इटलीच्या बोलोन्या विमानतळावर उतरली. तिने आश्रय मागितला. तिच्यावर खटला झाला तो दोन मुलींना बेकायदा देशात आणल्याचा. पोटच्या पोरीला बरोबर आणले हा तस्करीच्या कायद्याखाली गुन्हा! प्रकरण युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ३ जून २०२५ रोजी त्या न्यायालयाने सांगितले की आपल्या ताब्यातील अल्पवयीन मुलांना बरोबर आणणे हा या कायद्याखाली गुन्हा होत नाही. निकाल चांगलाच आहे. पण एवढी साधी गोष्ट सांगायला सहा वर्षे का लागावीत?

आता संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढा. हेरोदाचे शिपाई मुलांचा जीव घ्यायला निघाले आहेत. योसेफ रात्रीच उठतो, मरिया आणि बाळ येशूला घेतो आणि इजिप्तची वाट धरतो. कोणाला विचारत नाही, कोणाची परवानगी घेत नाही. पवित्र कुटुंबाची मूर्ती आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. त्या मूर्तीतला पुरुष आज एखाद्या युरोपीय बंदरात उतरला, तर पहिल्या रात्री त्याला कुठे ठेवतील?

तीन आक्षेप

पहिला आक्षेप मी स्वतः ऐकला आहे, मिस्सेनंतर चर्चच्या आवारात. "अहो, ही माणसं मारतात लोकांना. बुडवतात. त्यांची बाजू काय घेता?" मी तस्करांची बाजू घेत नाही. आम्ही मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या गुजरातेत राहतो, 'एजंट' हा शब्द इथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. गांधीनगर जिल्ह्यातल्या डिंगुचा गावचे एक जोडपे आणि त्यांची दोन लेकरे, मुलगी ११ वर्षांची, मुलगा ३ वर्षांचा, १९ जानेवारी २०२२ रोजी कॅनडाहून अमेरिकेत जाताना सीमेजवळ बर्फात गोठून मेली. त्यांना पैसे घेऊन पाठवणाऱ्या टोळीतल्या दोघांना अमेरिकेत नोव्हेंबर २०२४ मध्ये दोषी ठरवले गेले. एकाला १० वर्षांहून थोडी अधिक, दुसऱ्याला साडेसहा वर्षे शिक्षा झाली. ती व्हायलाच हवी होती. त्यांनी पैसे घेतले होते, माणसांना उणे तापमानात चालायला लावले होते, आणि त्यांतला एक गाडीत बसून वाट पाहत होता. यालाच तस्कर म्हणतात. देश वेगळे, कायदे वेगळे, हे मान्य. तरीही शेजारी शेजारी ठेवून बघा. चार जणांच्या मृत्यूनंतर धंदा चालवणाऱ्याला दहा वर्षे, आणि बुडत्या होडीचे सुकाणू धरणाऱ्याला एकशे चाळीस. खऱ्या तस्कराला पकडणे अवघड असते, म्हणून जवळ सापडला त्यालाच तस्कर म्हणायचे, यात मेलेल्यांना न्याय कुठे मिळाला? खरा तस्कर तर उलट निश्चिंत झाला. त्याची शिक्षा भोगायला त्याला दरवेळी एक गिऱ्हाईक मिळते.

दुसरा आक्षेप असा की रोमकरांस पत्रात, तेराव्या अध्यायात, पौल स्वतःच सत्तेच्या अधीन राहायला सांगतो. सांगतो खरा. पण ते लिहिणारा पौल कसा वागला? बेकायदा फटके पडले तेव्हा त्याने रोमन नागरिकत्वाचा हक्क बजावला. न्याय मिळत नाही असे दिसल्यावर त्याने कैसराकडे दाद मागितली. त्याच पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात फेस्त नावाचा रोमन सुभेदार सांगतो की आरोपीला फिर्यादींसमोर उभे करून उत्तर द्यायची संधी दिल्याशिवाय त्याला सोपवून देणे ही आमची रीत नाही. फेस्त काही संत नव्हता. पण एका परराष्ट्रीय सुभेदाराला दोन हजार वर्षांपूर्वी जे कळत होते, ते साक्षीदार गैरहजर ठेवून ३७ मिनिटांत उरकणाऱ्या न्यायालयांना कळू नये? कायद्याचा मान राखायचा तर कायद्याने आधी स्वतःचा मान राखावा. आणि जहाज फुटले तेव्हा कैदी पळतील म्हणून त्यांना ठार मारावे असा शिपायांचा बेत होता, तो ज्या शताधिपतीने मोडला, त्याच्यामुळेच पौल जिवंत किनाऱ्याला लागला.

तिसरा आक्षेप, "मग सीमा नकोतच का?" असे कोण म्हणते? कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीत परिच्छेद २२४१ दोन्ही बाजू सांगतो. सधन देशांनी आपल्या कुवतीप्रमाणे परक्याला जागा द्यावी, सरकारला त्यासाठी अटी घालता येतात, आणि येणाऱ्यानेही त्या देशाचे कायदे पाळावेत. कोणाला आत घ्यायचे यावर भांडण होऊ शकते. पण जो बुडता बुडता इतरांना वाचवतो त्याला गुन्हेगार ठरवायचे, हे कुठल्याच बाजूला बसत नाही. होडीतल्या प्रत्येकाने यातून एकच धडा घ्यायचा की काहीही झाले तरी सुकाणूला हात लावू नकोस, बुडू दे. कुठल्याही सीमेचे रक्षण अशा धड्याने होत नाही, मृतदेह मात्र वाढतात. २०१४ पासून भूमध्य समुद्रात ३० हजारांहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली, असा संयुक्त राष्ट्रांच्या स्थलांतरविषयक संघटनेचा हिशेब आहे.

आपण काय करायचे?

हे सगळे फार दूरचे आहे, आपल्या हातात काय, असे वाटेल. पोप फ्रान्सिस यांनी निवडून आल्यावर रोमबाहेरचा पहिला दौरा ८ जुलै २०१३ रोजी लाम्पेदुसा बेटाचा केला, आणि तिथे बुडालेल्यांसाठी मिस्सा अर्पण केली. दूरच्याचे दुःख दूरचेच राहू देणे, याच आजाराबद्दल ते तिथे बोलले. तेव्हा दूर आहे ही सबब आपल्याला उरलेली नाही.

मी तीन गोष्टी मागतो. एक, श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत आपण समुद्रात मेलेल्यांसाठी प्रार्थना करतो, तिच्यात सुकाणू धरल्याबद्दल तुरुंगात असलेल्यांसाठी एक ओळ घाला. मेलेल्यांसाठी प्रार्थना करताना कोणी नाक मुरडत नाही. आरोपीसाठी करताना मुरडतील. तरी करा. दोन, 'तस्कर पकडला' अशी बातमी वाचली की ती पुढे पाठवण्याआधी दोन प्रश्न विचारा. पैसे कोणी घेतले? आणि पकडलेला माणूस होडीत होता की किनाऱ्यावर? उत्तर बातमीत नसेल तर निकाल आपणही देऊ नये. तीन, १० फेब्रुवारीच्या आसपास धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना माल्टाची गोष्ट सांगा, पण सापापाशी थांबू नका. बेटकऱ्यांनी पौलाला खुनी का म्हटले, हे मुलांनाच विचारा. मुले बरोबर सांगतात.

हे प्रभो, तू स्वतः खोट्या साक्षीवर दोषी ठरलास, दोन गुन्हेगारांच्या मध्ये खिळला गेलास. समुद्रातून वाचून तुरुंगात पडलेल्यांच्या जवळ राहा. जे न्याय करतात त्यांना धीर दे, घाई देऊ नकोस. आणि शेकोटीभोवती बसलेल्या आम्हांला, निकाल देण्याआधी माणसाचा चेहरा बघायला शिकव. आमेन.